हडपसरची थंड खोली

वानखडे,

तुमच्या शोकसभेनंतरचा चहा चांगला झाला होता. शोकसभेला चहा ठेवू नये असा संकेत आहे, पण तो शनिवार होता आणि आपल्या व्याख्यान मंडळात शनिवारी चहा असतो. अध्यक्ष सबनीस व्यासपीठावरूनच म्हणाले, "वानखडे यांना साधेपणा प्रिय होता, म्हणून आज बिस्किटं ठेवलेली नाहीत." लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. तुम्ही दर शनिवारी चार बिस्किटं खायचात आणि पाचवं रुमालात बांधून न्यायचात, हे त्या सभागृहात मला एकट्याला माहीत होतं. मी काही बोललो नाही. तशी माझी ख्यातीच आहे.

चार जण बोलले. 'एक साधे कामगार असूनही' तुम्ही किती विचारी होतात, याचं चौघांनाही आश्चर्य वाटत होतं. हडपसरच्या ज्या कारखान्यात तुम्ही तपासणी विभागाचे प्रमुख होता, तिथे तुमच्या शिक्क्याशिवाय एकही पेटी फाटकाबाहेर पडत नसे. हे त्यांना सांगणं मंडळाचा कार्यवाह म्हणून माझं काम होतं. मी आभार मानले. सभागृह उपलब्ध करून दिल्याबद्दल शाळेचे, पंखे चालू ठेवल्याबद्दल शिपायाचे.

हे लिहायला बसलो त्याचं कारण शोक एवढंच नाही. येत्या शनिवारच्या कार्यक्रमाच्या कार्डावर तुमचं नाव छापलेलं आहे. 'देश मोठे कसे होतात आणि मोठे कसे राहतात.' इतकी वर्षं मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला मंडळाने पहिल्यांदा पुढे बोलावलं होतं. कार्डं टपालात पडली आणि तुम्ही रुग्णालयात. तुम्ही लिहून ठेवलेलं भाषण आता माझ्या टेबलावर आहे. ते तुम्ही लिहिलं तसं वाचलं जाणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या मागे राहिलेल्या गोष्टींपैकी माझ्या हातात असलेली ही एकच.

आपली ओळख झाली तो शनिवार तुम्हाला आठवत असेल. परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ व्याख्यानाला आले होते. त्यांच्या पडद्यावर भारताचा नकाशा उगवत्या सूर्यासारखा झळकत होता आणि त्यातून चहूकडे बाण निघत होते. बाण कशाचे होते ते त्यांनी सांगितलं नाही. पश्चिमेचा अस्त जवळ आला आहे, असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं त्याच पश्चिमेत कायम राहण्याचा परवाना मिळावा म्हणून रांगेत उभी होती. वडील इथे पश्चिमेचा अस्त जाहीर करत होते आणि त्याच आठवड्यात नातवंडांसाठी चकलीची भाजणी तिकडे पाठवत होते.

तेव्हा मागून तुमचा आवाज आला.

"साहेब, एक विचारायचं होतं. गेल्या वर्षी जगातल्या कोन्या देशानं आपल्याले विचारून स्वतःचा एखादा नट-बोल्ट बदलला का?"

सभागृह वळलं. मागच्या रांगेत पांढरा शर्ट, मांडीवर मंडईतून आणलेली पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी.

"हा प्रश्न विषयाला धरून नाही," पाहुणे म्हणाले.

"प्रश्नच विषयाले धरून आहे साहेब. भाषन सुटलं होतं."

पुण्यात इतकी वर्षं काढूनही राग आला की तुमच्या तोंडी अमरावतीकडची बोली यायची. एरवी तुम्ही आमच्यासारखंच बोलायचात, उलट आमच्यापेक्षा थोडं जपून. बाहेर जिन्यात तुम्ही मला गाठलंत. "मास्तर, तुम्ही हसलात. मी पाहिलं."

"हसलो नाही. खोकलो."

"पुण्यात हसण्यालाच खोकला म्हणतात का?"

तेव्हापासून मी तुमच्यासाठी मास्तर झालो. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्याला प्राध्यापक म्हणतात, हे मी दोनतीनदा सुचवून पाहिलं. "मेलेल्या राजांचे पोस्टमन तुम्ही," तुम्ही म्हणालात, "पोस्टमनला प्राध्यापक कशाला म्हणायचं?" मैत्री स्नेहातून होते म्हणतात. आपली तुच्छतेतून झाली. मोठेपणाच्या गप्पा मारणाऱ्या माणसांबद्दल आपल्या दोघांना एकसारखीच घृणा होती, आणि ती दर शनिवारी ताजी होत होती. तुमच्याशेजारी मागच्या रांगेत बसायला मिळावं म्हणून मी प्रास्ताविक तीन मिनिटांत उरकायला लागलो. त्याबद्दल सबनीसांनी माझं कौतुक केलं.

एका मे महिन्यात तुम्ही मला कारखान्यात घेऊन गेलात. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आत, दोन दरवाजे ओलांडून, तुम्ही ती खोली उघडलीत. इतकी थंड, की तुम्ही खुंटीवरचा स्वेटर काढून घातलात आणि दुसरा माझ्या हातात दिलात. मॅनेजरच्या केबिनमध्ये तेव्हा नुसता पंखा होता. कारखान्यातली एकमेव वातानुकूलित खोली लोखंडाच्या तुकड्यांसाठी होती.

तुम्ही हातमोजे घालून एक लाकडी पेटी उघडलीत. आत हिरव्या मखमलीत बोटाएवढा पोलादी दांडका झोपलेला होता. दोन्ही टोकांना आटे पाडलेले. मी नकळत हात पुढे केला.

"हात लावू नका. तुमच्या हाताच्या उबेनं तो वाढतो."

"माझ्या हाताखाली आजवर कोणी वाढलेलं नाही," मी म्हणालो.

तुम्ही इतके हसलात, की बाहेरचा ऑपरेटर डोकावून गेला. मग तुम्ही मला समजावून सांगितलंत. हा मास्टर गेज, म्हणजे मापाचा मूळ नमुना. परदेशातलं गिऱ्हाईक पाठवतं. इथे बनलेल्या प्रत्येक जॉबमध्ये, म्हणजे सुट्या भागाच्या भोकात, या गेजचं एक टोक सहज गेलं पाहिजे आणि दुसरं टोक अजिबात जाता कामा नये. या दोन टोकांच्या मधे जे बसलं ते जगात चालतं, बाकीचं भंगारात. वर्षातून एकदा हा गेजही तपासणीसाठी त्याच्या देशात परत जातो.

"विमानानं जातो," तुम्ही म्हणालात. "मी अजून एकदाही गेलो नाही."

"पण एवढी थंडी कशाला?"

"पोलाद उन्हानं फुगतं. मोजमाप एका ठरलेल्या तापमानालाच करायचं, असा करार आहे. ते तापमान त्यांच्याकडे खिडकी उघडली की मिळतं. आपल्याला यंत्र लावावं लागतं." मग पेटी मिटून तुम्ही म्हणालात, "मास्तर, तुमच्या त्या पाहुण्याला इथं आणायला पाहिजे होतं. सत्ता काय असते ते दिसलं असतं. हडपसरच्या मे महिन्यात आपण आपल्या विजेनं त्यांची हवा सांभाळतो. कोणी बंदूक रोखलेली नाही. कोणी झेंडा लावलेला नाही. आपण आपणहून स्वेटर घालतो."

तीस वर्षं मी मुलांना साम्राज्यं शिकवली. लढाया, तह, सनदा. मराठी माणसाला साम्राज्य म्हटलं की घोडा दिसतो. माझ्या साऱ्या टिपणांत त्या खोलीएवढं स्पष्ट काही नव्हतं. मला त्या दिवशी तुमचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला की मी वाद घालतो, म्हणून परतीच्या बसमध्ये मी वाद घातला. मी म्हणालो, गेज आले ते शेवटी. आधी भाषा आली, कायदा आला, शाळा आल्या. माणसाला आधी स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला शिकवावं लागतं, मग तो स्वेटर घालतो. तुम्ही म्हणालात, जहाजं आधी आली. मी म्हणालो, जहाजं पुष्कळांची आली, राहिली ती शाळा काढणाऱ्यांची. तुम्ही म्हणालात, शाळेतली घंटा कोणाच्या घड्याळावर वाजत होती? शेजारच्या सीटवरच्या बाई आपल्याकडे वैतागून बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो काका, जरा हळू. भांडायचंय तर उतरून भांडा." आपण खरोखरच दोन थांबे आधी उतरलो. वाद संपला नाही. तो गेल्या महिन्यापर्यंत चालू होता.

देश मोठे राहतात कसे, याबद्दल तुमचं एक सूत्र होतं आणि ते तुम्ही फार कमी वेळा सांगितलंत. एका वर्षी तो गेज परत आला तेव्हा मखमल दमट होती आणि एका टोकाच्या आट्यात गंजाचा बारीक ठिपका होता. सोबतचं प्रमाणपत्र मात्र स्वच्छ. तिकडे कोणी पेटी उघडूनही पाहिली नव्हती, नुसती सही केली होती. तुम्ही मॅनेजरकडे गेलात. तो म्हणाला, "वानखडे, त्यांचं चुकत नसतं." तुम्ही चार ओळींचं पत्र पाठवलंत. कित्येक महिने उत्तर नाही. मग एक दिवस नवा गेज आला, दिलगिरीचा एक शब्दही नसलेला. "हे संपले," तुम्ही मला म्हणालात. "ज्या दिवशी न पाहता सही होते, त्या दिवशी राज्य सुटतं. झेंडा उतरायला मग पन्नास वर्षं लागतात. ती पन्नास वर्षं तुम्ही इतिहासवाले मोजत बसता." पुढच्या काही वर्षांत गिऱ्हाईक बदललं. नव्या पेटीवरची लिपी वेगळी होती. मखमल कोरडी होती.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे शून्य होतं. दर दोन शनिवारांनी कोणी ना कोणी उठून सांगायचं, की शून्य आपण दिलं. तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटायचात, "देलं ना बाप्पा, चांगलं केलं. पुढचे आकडे कोन देईन?" जगभरच्या आट्यांचा कोन किती असावा, तारेची जाडी किती असावी, हे ठरवायला कुठेतरी एका कंटाळवाण्या खोलीत माणसं वर्षानुवर्षं बसतात, असं तुम्ही सांगायचात. मोठा देश तो, ज्याच्याकडे अशा खोलीत बसायला तयार असलेली माणसं असतात. आपली माणसं अशा खोलीत जात नाहीत. आपली माणसं उद्घाटनाला जातात.

मंडईतही तुम्ही तसेच होता. वजनाच्या तळाचा सरकारी शिक्का पाहिल्याशिवाय तुम्ही भाजी घेत नव्हता. ती पालेभाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, भाजी नेताय का शिक्का नेताय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "शिक्का पाहतो, मग भाजी नेतो. शिक्का तुमच्यापाशीच राहू द्या, मावशी." पुढच्या वेळेपासून ती तुम्हाला लांबून पाहिलं की वजन उलटं करून ठेवायची. तुम्ही तिच्याशिवाय दुसरीकडे कधी गेला नाहीत. इतक्या वर्षांत कोणत्याही व्याख्यात्याला तुम्ही एवढा मान दिला नाहीत.

आता ते सांगतो, जे आपण कधी बोललो नाही.

मंडळाच्या वार्षिक अंकाचा संपादक मी. अंकाचा एक नियम आहे, कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळे पाळतात. लेखाचा शेवट आशादायी असावा. विषय दुष्काळाचा असो, युद्धाचा असो, शेवटच्या परिच्छेदात पहाट झाली पाहिजे. मी आग्रह करून तुमच्याकडून लेख लिहून घेतला. तुम्ही तो सहा महिने लिहिलात. थंड खोली, गेज, गंज, सगळं त्यात होतं. शेवटी तुम्ही लिहिलं होतं, की दुसऱ्याचा माल कारण न देता नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो तो मोठा देश, आणि तसा अधिकार आपल्याकडे नाही. बस. तिथे लेख संपत होता.

सबनीस म्हणाले, "लेख उत्तम. शेवट तेवढा बघा." मी बघितला. तुमची शेवटची दोन वाक्यं काढली आणि स्वतः एक वाक्य जोडलं. उद्याचं जग भारताकडे मार्गदर्शक म्हणून पाहील याबद्दल शंका नाही, अशा अर्थाचं. ते वाक्य लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. अशी वाक्यं माझ्या हातात तयार असतात. तुम्हाला विचारावं असं मनातही आलं नाही. इतक्या लेखांना मी असे शेवट लावले होते, कोणी तक्रार केली नव्हती. उलट काहींनी आभार मानले होते.

अंक निघाल्यावरच्या शनिवारी तुम्ही आलात. अंक तुमच्या पिशवीत, कोथिंबिरीशेजारी. तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर बोली आली असती. तुम्ही अगदी शुद्ध मराठीत म्हणालात, "मास्तर, शेवटचा जॉब माझा नाही. त्याच्यावर माझा शिक्का का मारलात?"

मी म्हणालो, "अंकाची तशी पद्धत आहे."

"पद्धत," तुम्ही म्हणालात आणि आत जाऊन बसलात. त्या शनिवारी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तुम्ही दोन रांगा पुढे बसला होता. पुढे वर्षभर तिथेच बसत राहिलात. चहा घेत होता, नमस्कार करत होता, हवापाण्याचं बोलत होता. मी क्षमा मागितली नाही. माझ्याकडे माफीची वाक्यं तयार नसतात. वर्षाने तुम्ही आपणहून मागच्या रांगेत परत आलात आणि कानाशी पुटपुटलात, "काय बोलून राह्यले हो हे?" मला इतका आनंद झाला, की व्याख्याता काय बोलत होता ते मी ऐकलंच नाही. तुम्ही मला माफ केलं होतं का, की फक्त एकट्याने हसणं जमत नाही म्हणून आला होतात, हे मी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

तुम्हीही काही संत नव्हता, हेही लिहून ठेवतो. कादंबरी वाचणाऱ्या माणसाला तुम्ही आजारी समजायचात. माझ्या आजवरच्या एकमेव पुस्तकाची प्रत तुम्ही डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवली होती आणि मला ती अभिमानाने दाखवली होती, "बघा, अगदी बरोबर जाडीचं निघालं." इतरांच्या पोकळ बढाईवर हसता हसता आपणही काही कमी बढाईखोर नव्हतो. आपली बढाई एवढीच, की आम्ही फसत नाही. मागच्या रांगेतून हसून कोणता देश मोठा होतो? हा प्रश्न तुम्हाला पडला असावा. म्हणून तर सबनीसांनी बोलायला सांगितल्यावर तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मी नाहीच म्हटलं असतं, आणि मग मागे बसून दुसऱ्याला हसलो असतो.

रुग्णालयात आलो तेव्हा सिस्टर तुमचा रक्तदाब मोजत होत्या.

"सिस्टर, हे मशीन शेवटचं कधी तपासलं?"

"आजोबा, मी तुम्हाला तपासतेय. मशीनला नाही."

"मग तुम्ही काहीच तपासत नाही आहात."

"काका, यांना जरा सांगा हो," त्या मला म्हणाल्या. "कालपासून थर्मामीटरच्या मागे लागलेत."

त्या गेल्यावर तुम्ही डोळे मिटून पडलात. मला वाटलं झोप लागली. मग तुम्ही म्हणालात, "मास्तर, मला काही उभं राहता येणार नाही भाषणाच्या शनिवारी. तुम्ही वाचा. शेवट तसाच ठेवा."

मी म्हणालो, "बघू."

अहो, माणूस मरणाच्या दारात मागतो आहे आणि मी म्हणतो, बघू. पेठेतल्या माणसाला 'हो' म्हणायला काय होतं कोण जाणे. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत आणि हसलात. ते हसू मी ओळखतो. व्याख्याते बाण दाखवायचे तेव्हा तुम्ही तसे हसायचात.

तेराव्यानंतर तुमची मीनल भाषणाची फाइल घेऊन घरी आली. ती हडपसरच्याच एका आयटी पार्कमध्ये काम करते. तुमचा कारखाना तिच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतो, म्हणाली. "काका, मी काल रात्री बसून पूर्ण वाचलं. बाबा इतकी वर्षं हेच सांगत होते आणि मी फक्त हो हो करत होते. आमच्याकडे सेम आहे हो. क्लायंटने रिजेक्ट केलं की रीझन पण देत नाही. मेल येतो एका ओळीचा. आम्ही सॉरी म्हणतो." मग जाता जाता तिने विचारलं, "तुम्ही जसंच्या तसं वाचणार ना?" तिच्यासमोर माझ्या तोंडून तोच शब्द निघत होता. मी तो गिळला आणि हो म्हणालो. तुम्हाला जे दिलं नाही ते तिला दिलं.

मंगळवारी समितीची बैठक झाली. मी दिलेली भाषणाची प्रत सबनीसांनी आधीच वाचून ठेवली होती. शेवटच्या परिच्छेदावर त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. तो परिच्छेद तुम्हाला पाठ असेल, तरी लिहितो. 'आपण महासत्ता होणार का, असं मला पुष्कळ लोक विचारतात. मला माहीत नाही. मी ते मोजलेलं नाही. ज्यांनी मोजलं असं म्हणतात, त्यांची मोजपट्टी मी पाहिलेली नाही. न मोजलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. नमस्कार.'

"अहो, असा कुठे शेवट असतो का?" सबनीस म्हणाले. "श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे. लोकांनी घरी काय घेऊन जायचं?"

"चहा घेतलेला असतो त्यांनी," मी म्हणालो.

समितीत कोणी हसलं नाही. मी असं बोलतो याची त्यांना सवय नाही. मलाही नाही.

"तुम्ही दोन ओळी जोडा. तुमच्याइतक्या चांगल्या कोणाला जमत नाहीत. वानखडे असते तर त्यांनीही मान्य केलं असतं."

"एकदा जोडल्या होत्या. वर्षभर माझ्या शेजारी बसले नव्हते."

"ते जिवंत होते तेव्हाचं झालं," सबनीस म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी म्हणालो, वाचेन तर पूर्ण वाचेन. ते म्हणाले, मग कार्यवाह म्हणून तुमची अडचण होईल. मी कागद मागितला आणि तिथेच राजीनामा लिहून दिला. चार ओळींचा. त्यावर बरीच चर्चा झाली. राजीनामा स्वीकारला गेला. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, की शनिवारी दुसरा वक्ता नाही आणि चार दिवसांत मिळणारही नाही. परराष्ट्र खात्यातल्या गृहस्थांना फोन लावला, ते मुलाकडे बोस्टनला गेलेले. तेव्हा मंडळाने एकमताने ठरवलं, की माजी कार्यवाहांनी भाषण वाचावं, त्यातल्या मतांशी मंडळ सहमत असेलच असं नाही. इतक्या वर्षांत या मंडळाने घेतलेला हा पहिला धाडसी निर्णय, आणि तोही दुसरा इलाज नव्हता म्हणून.

तेव्हा मी वाचणार आहे. गेले तीन दिवस मोठ्याने वाचून सराव करतो आहे. तुमची वाक्यं आखूड आहेत, माझा श्वास त्यांना सरावलेला नाही. कुठे स्वल्पविरामही बदललेला नाही. मात्र पान सातवर एक वाक्य आहे, तिथे मी दर वेळी अडखळतो. 'पुस्तकांनी आजवर एकही देश मोठा केलेला नाही. मोठ्या देशांची पुस्तकं मोठी वाटतात, इतकंच.'

हे चूक आहे, वानखडे. बसमध्येही तुमचं म्हणणं हेच होतं, आणि तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. पुढेही सुचलं नाही. तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी, दाढी करताना सुचलं. तुमचा तो गेज कशावरून बरोबर ठरतो? कुठेतरी एका जाड, रटाळ पुस्तकात लिहिलेलं आहे म्हणून. आट्यांचा कोन, तापमान, कोणतं टोक जाईल आणि कोणतं नाही, सगळं कोणीतरी आधी भाषेत मांडलं, त्यावर वाद घातले, छापलं आणि दुसऱ्यांना मान्य करायला लावलं. त्या पुस्तकाशिवाय तुमच्या पेटीत नुसतं पोलाद उरतं. त्या खोलीत थंडी राखायला लावणारं एक पुस्तकच होतं, आणि मास्तर म्हणून ते मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी फोनपाशी गेलो आणि तुमचा नंबर काढला. मग खुर्चीवर बसून राहिलो.

ते वाक्य काढणं सोपं होतं. कोणाला कळलं नसतं, मीनललासुद्धा नाही. खाली एखादी टीप जोडणं त्याहून सोपं होतं. मी काहीच केलेलं नाही. शनिवारी ते वाक्य येईल तेव्हा आवाज खाली आणणार नाही, घाईही करणार नाही. तुमचं आहे तसं, तुमच्या नावावर वाचेन. शेवटचा नमस्कारही वाचेन. मग मी व्यासपीठावरून खाली उतरेन, मागच्या रांगेत जाऊन बसेन, आणि सबनीस रिवाजाप्रमाणे विचारतील, कोणाला काही शंका आहे का.

मला आहे.